पावसाच्या बाजूची भिंत : घरी करावी की कंत्राटदाराला द्यावी?

श्रावणात सणाला नेसायची म्हणून कपाटातली ठेवणीतली साडी काढावी आणि तिच्या घडीवर पिवळट-काळे ठिपके दिसावेत, असं तुमचं कधी झालंय का? माझं झालंय. लग्नातला शालू होता. नाकाशी धरला तर कुबट वास. कपाट पुढे ओढलं, तर मागची भिंत वरपासून खालपर्यंत ओली आणि हात लावला की रंगाचा भुगा हाताला येतोय. कपाटाच्या पाठीला बुरशी. घराची बाहेरची भिंत ही पुरुषमाणसांनी बघायची गोष्ट, असं आपण धरून चालतो. पण तिची शिक्षा भोगतात ती आपली कपाटं, आपल्या गाद्या, आपले पापडांचे डबे आणि रात्रभर खोकणारी आपली मुलं.

म्हणून आज भिंतीबद्दल बोलायचं आहे. तेही आतल्या नव्हे, बाहेरच्या. या भिंतीचं काम घरच्या घरी करावं की कंत्राटदाराला द्यावं, या प्रश्नावर आमच्या घरी तीन उन्हाळे वाद झाले. पहिल्या वर्षी आम्ही स्वतः केलं आणि फसलो. दुसऱ्या वर्षी कंत्राट दिलं आणि जास्त फसलो. तिसऱ्या वर्षी जे केलं ते टिकलं. त्या तीन वर्षांत मला जे उमगलं ते तुम्हाला दोन-तीन हजारांत आणि एका उन्हाळ्यात मिळावं, एवढाच माझा हेतू.

आम्ही राहतो रत्नागिरीत. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पुण्यात तो सातशेच्या आसपास असतो. पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका. मोसमी पाऊस सरळ पडत नाही, नैऋत्येच्या वाऱ्याबरोबर तिरपा येतो. आमच्याकडे त्याला झड म्हणतात. झड बसते ती घराच्या पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंतीवर. तुमचं घर सांगलीत असो की नाशकात, जुलैमध्ये बाहेरून एक फेरी मारा. ज्या भिंतीवर शेवाळ आधी धरतं ती तुमची पावसाची बाजू. पैसे थोडे असतील तर चारी भिंतींना थोडा थोडा रंग फासण्यापेक्षा ते सगळे या एका भिंतीवर घाला.

माझ्या माहेरी, खेडेगावात, या बाजूला मे महिन्यात नारळाच्या झावळ्यांचे विणलेले झाप बांधत. ते घरचंच काम असे. बायका झाप विणत, पुरुष बांधत, पोरं सुंभ पुरवत. कंत्राटदार हा शब्दही कुणाला ठाऊक नव्हता. पण तेव्हा पडवी होती हाताच्या उंचीची! आता घरं दुमजली झाली, सज्जे आले, गच्च्या आल्या. झाप गेले आणि त्यांच्या जागी प्लास्टर, रंग आणि पत्रे आले. काम तेच, फक्त ते वीस-बावीस फूट वर गेलं. माझ्या मते सगळा प्रश्न तिथेच आहे.

पहिल्या वर्षीची गोष्ट थोडक्यात सांगते. आमच्या 'ह्यांनी' दुकानातून बाहेरच्या भिंतीचा चांगला भारी रंग आणला, सुट्टीचे दोन दिवस आम्ही दोघांनी हात मारला, आणि रंग दिवाळीपर्यंतसुद्धा टिकला नाही. फोड येऊन पापुद्रे सुटले. चूक रंगाची नव्हती. आदल्या दिवशी आम्ही भिंत धुतली होती आणि ती पुरती वाळायच्या आत रंग चढवला होता. का? तर सासूबाईंनी सांगितलं, "भिंत ओली करूनच रंग द्यायचा असतो." त्यांचंही खोटं नव्हतं. त्यांच्या वेळचा सिमेंटचा पावडर रंग ओल्या भिंतीलाच द्यायचा असतो. तो पाण्यानेच घट्ट होतो आणि दिल्यानंतरही दिवसातून दोन-तीनदा पाणी शिंपडून जोपासावा लागतो. डब्यातून येणाऱ्या अॅक्रिलिक रंगाचं बरोबर उलट! त्याला भिंत कोरडी ठणठणीत हवी. ओल आत राहिली की ती बाहेर पडायला बघते आणि रंगाला ढकलते. एकाच भिंतीचे दोन रंग आणि दोन धर्म. दुकानदाराने सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही.

पाणी येतं कुठून?

घरी करा नाही तर बाहेर द्या, पण त्याच्या आधी एक काम आहे. ते कंत्राटदार करीत नाही आणि घरातले पुरुषही करीत नाहीत. ते आपणच करायचं. पाणी नेमकं कुठून शिरतंय हे शोधून काढायचं.

भिंतीवर ओल दिसते तिथेच पाणी शिरत असतं असं नाही. पाणी चिरेतून, विटेतून, सांध्यातून वाट काढत कुठल्या कुठे जातं. चोर एका दाराने येतो आणि दुसऱ्याने जातो, तसं. पावसाळ्यात आतल्या भिंतीवर पेन्सिलीने ओलीच्या कडेने रेघ ओढून शेजारी तारीख घालायची. आठ दिवसांनी दुसरी रेघ. ओल वरून खाली उतरतेय, खिडकीच्या कोपऱ्यातून पसरतेय की जमिनीतून वर चढतेय, हे त्या रेघांवरून कळतं. जमिनीतून दोन-तीन फूट चढणाऱ्या ओलीला बाहेरून कितीही रंग दिलात तरी उपयोग नाही. तो पैसा पाण्यात!

कधी कधी ओल बाहेरची नसतेच. मोरी नाही तर स्वयंपाकघराची वाफ गार भिंतीवर बसते. खात्री करायची तर प्लॅस्टिकचा हातभर तुकडा घ्या आणि चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर दोन दिवस ठेवा. प्लॅस्टिकच्या मागे, भिंतीच्या बाजूला थेंब जमले तर ओल भिंतीतून येतेय. पुढच्या बाजूला जमले तर ती खोलीतली दमट हवा. मग कंत्राटदार नको, खिडकी उघडी ठेवा आणि कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे घ्या.

उन्हाळ्यात शोधायचं असेल तर रबरी नळी लावा. एकजण बाहेर नळी धरून, एकजण आत डोळे लावून. सुरुवात मात्र खालून करायची. आधी खिडकीच्या खालची भिंत पंधरा-वीस मिनिटं भिजवा, मग खिडकीचा उंबरा, मग चौकटीच्या बाजू, मग वरचा सज्जा आणि शेवटी गच्चीचा कठडा. वरून सुरुवात केलीत तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि काहीच कळत नाही. आमच्याकडे असं निघालं, की भिंतीचा मोठा भाग बिचारा निर्दोष होता. पाणी शिरत होतं दोन ठिकाणी. सज्जा भिंतीला मिळतो त्या सांध्यात एक बारीक चीर होती, आणि एका खिडकीचा उंबरा बाहेर उतरता असायचा तो आत कललेला होता. दोन हात लांबीची दोन कामं! आणि आम्ही सगळी भिंत रंगवीत बसलो होतो.

चिरांकडेही नीट बघायला हवं. केसासारख्या, कोळ्याच्या जाळ्यासारख्या पसरलेल्या चिरा प्लास्टरच्या असतात, त्यांची काळजी नाही. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली, पेन्सिलीचं टोक आत जाईल अशी चीर असेल तर तिच्या दोन्ही टोकांना खूण करून तारीख लिहा. महिना-दोन महिन्यांत ती खुणेच्या पुढे गेली तर ते रंगाऱ्याचंही काम नाही आणि गवंड्याचंही नाही. इंजिनिअरला बोलवा. तिथे लांबी भरून वरून रंग देणं म्हणजे तापाच्या पेशंटला पावडर लावण्यासारखं आहे.

हात पोचेल तिथवर आपलं

मग घरी काय करता येतं? माझं उत्तर सरळ आहे. जमिनीवर दोन्ही पाय टेकवून हात जिथवर पोचतो तिथवरचं सगळं, आणि गच्चीवर उभं राहून कठड्याच्या आतल्या बाजूचं.

शेवाळ काढायला ब्लिचिंग पावडर पाण्यात कालवून ब्रशने लावा, थोड्या वेळाने घासून धुवा. हातात मोजे हवेत. आणि एक गोष्ट पदराला गाठ मारून ठेवा : ब्लिचिंग पावडरीत संडास साफ करायचं आम्ल कधीही मिसळू नका. त्यातून निघणारा क्लोरीन वायू छातीत भरला तर दवाखाना गाठावा लागतो. 'दोन्ही घातलं की जास्त स्वच्छ' असं आपल्याला वाटतं ना, तिथेच घात होतो. भिंतीवर पांढरं मिठासारखं फुटलं असेल, म्हणजे लोणा, तर तो मात्र धुवायचा नाही. कोरड्या ब्रशने झाडून काढायचा. पाण्याने तो विरघळून पुन्हा आत जातो आणि वाळला की परत फुलतो.

बारीक चीर भरताना वरवर लांबी फासू नका. जुन्या चाकूने नाही तर छिन्नीने चीर अर्धा सेंटिमीटर खोल, व्हीच्या आकाराची उघडायची, धूळ झाडायची आणि मग भरायची. दाढेतली कीड न काढता डॉक्टर सिमेंट भरतात का?

सिमेंटचा पावडर रंग कालवणं तर आपल्याला पुरुषांपेक्षा चांगलं जमतं. दोन भाग पावडर आणि एक भाग पाणी घेऊन आधी भज्यांच्या पिठासारखं गुठळ्या मोडून घोटायचं, मग आणखी एक भाग पाणी घालून घावनाच्या पिठाइतकं सैल करायचं. तासाभरात संपेल एवढंच कालवा. राहिलेलं घट्ट झालं म्हणून त्यात पुन्हा पाणी घालणं हा शुद्ध फुकटेपणा, तो रंग भिंतीवर धरत नाही. काम ऊन उतरल्यावर करावं आणि दोन हातांत एक दिवस जाऊ द्यावा. आणि आधी अॅक्रिलिक किंवा ऑइल पेंट दिलेला असेल त्यावर हा रंग देऊ नका, बसणार नाही.

खिडक्यांचा जुना तेलरंग खरवडायची वेळ आली तर लहान मुलांना आजी-मावशीकडे पाठवा. घरगुती रंगातल्या शिशाचं प्रमाण दहा लाखांत नव्वद भागांच्या वर नको, हा नियम आपल्याकडे लागू झाला १ नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या रंगात शिसं जास्त असू शकतं आणि मुलांच्या मेंदूला ते वाईट. कोरडा घासू नका. पाणी मारून ओला खरवडा आणि खाली पसरलेला कागद कचऱ्यासकट गुंडाळून टाका.

आता उंचीचं. माझे धाकटे दीर कोल्हापूरला असतात. परांचीचं भाडं वाचवायचं म्हणून शिडी लावून सज्जा साफ करायला चढले. शिडीचा पाय ओल्या शहाबादी फरशीवर. पहिला मजला म्हणजे काही फार नाही, असं आपल्याला वाटतं. टाचेचं हाड मोडलं, तीन महिने पाय जमिनीला टेकवायचा नाही. त्यांचं स्टेशनरीचं दुकान, ते ऐन जूनमध्ये, शाळा सुरू होताना! जाऊबाईंनी सकाळी नवऱ्याचं सगळं आवरून, दुकान उघडून, रात्री वह्यांचे गठ्ठे मोजून ते तीन महिने काढले. मी भेटायला गेले तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "शिडी धरायला मीच उभी होते हो." त्यावर काय बोलणार?

शिडी लावायचीच असेल तर टेकण्याची उंची सोळा फूट असताना पाय भिंतीपासून चार फुटांवर हवेत. पण माझं ऐकाल तर डोक्याच्या वरचं काम हे आपलं काम नव्हेच. वाचणारे पैसे बघताना आपण मोडणारं हाड हिशेबात धरत नाही. विजेची तार भिंतीजवळून गेली असेल तर शिडी काय आणि परांची काय, आधी वीज कार्यालयात सांगून प्रवाह बंद करून घ्या.

पत्रे मारायचे असतील तर

कोकणात आणि गोव्यात, मुंबईच्या कितीतरी जुन्या इमारतींना सुद्धा, पावसाच्या बाजूला पत्रे मारलेले दिसतात. दिसायला फार शोभा नाही हे कबूल. पण माझ्या माहेरच्या जुन्या घराला आम्ही शेवटी पत्रेच मारले, आणि तेच योग्य होतं. ते घर जांभ्या चिऱ्याचं, चुन्यात बांधलेलं. अशी भिंत पाणी पिते आणि ऊन पडलं की सोडून देते. तिच्यावर सिमेंटचं घट्ट प्लास्टर केलं की बाहेरची वाट बंद होते आणि ओल आतल्या बाजूने फुटते. भावाने एकदा तो प्रयोग केला. दोन वर्षांत आतला गिलावा गळून पडला. पत्रा भिंतीला चिकटत नाही. लाकडी पट्ट्यांवर किंवा लोखंडी चौकोनी पाइपच्या सांगाड्यावर तो बसतो आणि मागे वारा खेळायला जागा राहते. झड पत्र्यावर बसते, भिंत कोरडी राहते.

पण हे काम घरी करू नका. वाऱ्यात दहा फुटी पत्रा म्हणजे गलबताचं शीड, माणसाला घेऊन उडतो. त्याच्या कडा सुरीसारख्या. तुम्ही खाली उभं राहून चार गोष्टी मात्र बघा. खालचा पत्रा आधी आणि वरचा त्याच्यावर सहा इंच चढलेला हवा. बाजूचा जोड वाऱ्याकडे तोंड करून उघडा नको. प्रत्येक स्क्रूला रबराचा वायसर हवा. आणि वरच्या कडेला, पत्रा आणि भिंत यांच्या फटीवर वाकवलेली पट्टी हवी, नाही तर पाणी मागून उतरतं आणि तुम्हाला वर्षभर पत्ताच लागत नाही. समुद्र जवळ असेल तर साधा पत्रा घेऊ नका, खाऱ्या वाऱ्याने गंजतो. रंगीत किंवा अॅल्युमिनियमचा घ्यावा. जुने सिमेंटचे पत्रे लावलेले असतील तर ते हातोडीने फोडू नका, करवतीने कापूही नका. त्यात अॅस्बेस्टॉस असतं आणि त्याची धूळ फुप्फुसात गेली तर वर्षानुवर्षांनी कॅन्सरसारखा रोग उद्भवू शकतो. पाणी मारून ओले करावेत आणि अखंड उतरवून घ्यावेत.

"वहिनी, साहेब आले की बोलतो"

आता आमचं दुसरं वर्ष. त्या वर्षी आम्ही काम उक्तं दिलं, मालासकट. कागद नाही, तोंडी बोलणं. कंत्राटदाराने निम्मे पैसे उचल म्हणून नेले. मेच्या मध्यावर परांची बांधली आणि मग माणसं गायब! दुसरीकडे मोठं काम लागलं होतं. मी काही विचारलं की उत्तर ठरलेलं, "वहिनी, साहेब आले की बोलतो." साहेब घरी येणार संध्याकाळी सातला आणि दिवसभर भिंतीसमोर मी! शेवटच्या आठवड्यात घाईघाईने सगळं उरकलं. पावसात बघते तर आतल्या भिंतीवर ओलीचे डाग, पण कसे? एका सरळ ओळीत, चार-चार फुटांवर एक. रांगोळीचे ठिपके घालावेत तसे. मला उलगडा व्हायला दोन दिवस लागले. परांचीचे बांबू भिंतीत खुपसायला पाडलेली भोकं होती ती! बाहेरून नुसता सिमेंटचा हात फिरवला होता, आत पोकळच. मग कंत्राटदार फोन घेईना.

तेव्हा तिसऱ्या वर्षी मी आधी टेप घेतला. रंगाचं, प्लास्टरचं काम आपल्याकडे ब्रासवर ठरतं. एक ब्रास म्हणजे शंभर चौरस फूट. आमची भिंत अठ्ठावीस फूट लांब. उंची गच्चीवरून दोरीला दगड बांधून सोडून मोजली, बावीस फूट. म्हणजे ६१६ चौरस फूट. चार खिडक्या, प्रत्येकी चार बाय पाच, त्यांचे ८० वजा. राहिले ५३६, म्हणजे साडेपाच ब्राससुद्धा नाही. नवा कंत्राटदार आला, भिंतीकडे मान वर करून म्हणाला, "सात ब्रास धरू." मी वही पुढे केली. तो हसला, आणि त्यानंतर 'साहेब आले की' हे वाक्य मी त्याच्या तोंडून ऐकलं नाही. तुम्हीही मोजा. खिडक्यांची वजावट धरायची की नाही, सज्जे वेगळे मोजायचे का, हे दर ठरवतानाच बोलून घ्या. नंतर त्यावर भांडण ठरलेलं.

काम आम्ही वाटून घेतलं. माल आमचा, मजुरी त्याची. खालची घासपूस, लोणा, हाताच्या उंचीच्या चिरा आम्ही केल्या आणि त्या मजुरीतून वगळल्या. सज्जाचा सांधा, उंबऱ्याचा उतार, परांची आणि वरचा रंग त्याच्याकडे. साध्या कागदावर सगळं लिहिलं : रंगाचं नाव, अस्तर एक आणि हात दोन, परांचीची भोकं काँक्रीटने आतपर्यंत भरायची, माणसांना उंचीवर पट्टा त्याने द्यायचा, कौल-काच फुटली तर कोणाकडे, काम किती तारखेला संपवायचं. दोघांच्या सह्या. सुरुवातीला चौथाई, प्लास्टर झाल्यावर चौथाई, रंग झाल्यावर आणखी. आणि शेवटचा दहावा हिस्सा पहिल्या दोन मोठ्या पावसानंतर. या शेवटच्या अटीवर तो फार कुरकुरला. मी म्हटलं, "भाऊ, भिंत गळली नाही तर पैसे त्याच दिवशी घरी आणून देईन." कबूल झाला. जो कंत्राटदार या अटीला अजिबात तयार होत नाही, त्याला मी तरी काम देणार नाही.

माल आपण आणला की डबे आपल्यासमोर फोडले जातात आणि रंगात पाणी किती पडतं तेही दिसतं. एक गंमत सांगते. काही कंपन्यांच्या डब्यात रंगाऱ्यासाठी टोकन असतं. तेव्हा रंगारी एकाच कंपनीचं नाव घेऊन बसला तर टोकनही आठवा. ते त्याचं त्याला द्यावं, त्यावर डोळा ठेवू नये. रंग मात्र आपण निवडावा.

पैसे देताना पावती घ्या, हातउसने दिल्यासारखे देऊ नका. कागद आणि पावती असली तर बिघडलेल्या कामाबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. दुसऱ्या वर्षीच्या त्या गृहस्थांवर आम्हाला काहीच करता आलं नाही, कारण आमच्या हातात चिटोरंसुद्धा नव्हतं.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्या मैत्रिणींनी यातलं काही करण्याआधी सोसायटीला लेखी अर्ज द्यावा. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरच्या भिंतींची दुरुस्ती आणि पावसाच्या पाण्याची गळती हे संस्थेच्या खर्चातलं काम आहे. 'तुमच्या खोलीत गळतंय, तुम्ही बघा,' असं सेक्रेटरी म्हणाले तर उपविधींचं पुस्तक मागा.

राहिली वेळ. आपण मे उजाडला की जागे होतो, तेव्हा उशीर झालेला असतो. नवं प्लास्टर सात दिवस पाण्याने जोपासायचं आणि अॅक्रिलिक रंगाआधी जवळजवळ महिनाभर वाळू द्यायचं. पुढे अस्तर आणि दोन हात, त्याला आठवडा. मुंबईला पाऊस येण्याची हवामान खात्याची सर्वसाधारण तारीख ११ जून. बोटांवर मागे मोजा, एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत प्लास्टर व्हायला हवं. आणि पाऊस तारखा पाळतोच असं कुठे आहे? २०२५ साली तो मुंबईत २६ मेलाच दाखल झाला, इतका लवकर येण्याची खात्याकडे नोंद नव्हती. आमच्या आळीत तेव्हा दोन घरांना नुसत्या परांच्या उभ्या होत्या. होळी झाली की कंत्राटदाराला बोलवावं. तेव्हा त्याला कामही कमी असतं आणि दरही बोलता येतो.

तिसऱ्या वर्षीच्या पहिल्या मोठ्या पावसात मी रात्री दोनदा उठून कपाटामागे हात घातला. भिंत कोरडी होती. दुसऱ्या पावसात खिडकीखाली वाटीएवढा डाग आला. फोन केला, तर दुसऱ्या दिवशी स्वतः कंत्राटदार हजर. उंबऱ्याच्या टोकाला सांधा उघडा राहिला होता. उघडीप बघून त्याने भरला, चहा घेतला आणि राहिलेले पैसे मोजून घेतले. रंगाचं नाव, छटेचा नंबर, कामाची तारीख आणि चौरस फूट मी हिशेबाच्या वहीत शेवटच्या पानावर लिहून ठेवलेत. अर्धा लिटर रंगही झाकण घट्ट लावून जिन्याखाली ठेवला आहे. भिंतीवर कुठे ठेच लागली, खिळा ठोकला गेला, तर तेवढ्यासाठी कुणाला बोलवायला नको.